नाव कोणाचं, सही कोणाची: घटस्फोटात घर, दागिने आणि कर्जाचं काय होतं

माझी मावसबहीण एका रविवारी सकाळी प्लॅस्टिकची निळी फाइल घेऊन घरी आली. लग्नाला सोळा वर्षं झालेली. वर्षभरापासून दोघं वेगळी राहत होती आणि आता परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं होतं. चहा उकळेपर्यंत तिने सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. "पोटगीचं नंतर बघू," ती म्हणाली, "निम्मं घर तर माझं आहेच ना?"

मी आधी बँकेचं मंजुरीपत्र उचललं. कर्जदार दोन, सह्या दोन. मग इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा काढला. लिहून घेणाऱ्याच्या, म्हणजे खरेदीदाराच्या रकान्यात एकच नाव होतं, भाऊजींचं. ताईच्या पगाराच्या खात्यातून नऊ वर्षं निम्मा हप्ता गेला होता. कर्जावर तिची सही होती आणि घरावर तिचं नाव नव्हतं.

मी वकील नाही, पण एका कायदा सल्ला केंद्रात लोकांचे कागद लावून द्यायचं काम बरीच वर्षं करते आहे. तिथे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात ताईसारखीच समजूत असते: लग्नानंतर जे उभं केलं ते दोघांचं, म्हणजे वाटणी निम्मी निम्मी. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या चुलतभावाचा दाखलाही कोणीतरी देतं. तिथे ते खरं आहे, लग्नानंतरची कमाई तिथला कायदा समाईकच धरतो. महाराष्ट्रात तसं नाही. आपल्याकडे लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोची किंवा बायकोच्या मालमत्तेत नवऱ्याची मालकी तयार होत नाही. मालमत्ता कागदावर ज्याचं नाव त्याची, कर्ज ज्याची सही त्याचं. बाकी सगळे बारकावे या दोन वाक्यांतून निघतात.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात मालमत्तेबद्दल एकच छोटं कलम आहे, २७ वं. लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या आणि दोघांच्या समाईक असलेल्या वस्तूंबद्दल कोर्ट घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात आदेश देऊ शकतं, एवढंच ते सांगतं. आहेरातलं कपाट, फ्रिज, दोघांना मिळून दिलेली गाडी, असल्या गोष्टी. लग्नानंतर दहा वर्षांनी घेतलेला फ्लॅट त्यात बसत नाही. घटस्फोटाच्या वेळी बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत हिस्सा मिळावा, अशी तरतूद असलेलं विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं होतं. लोकसभेत ते पुढे सरकलं नाही आणि २०१४ साली व्यपगत झालं, म्हणजे बारगळलं. मला ही आपल्या कायद्यातली मोठी उणीव वाटते. पंधरा वर्षं घर, मुलं, सासू-सासऱ्यांची आजारपणं सांभाळलेल्या बाईच्या श्रमाची नोंद सात-बारावर होत नाही की इंडेक्स टूवर होत नाही. कोर्ट ती भरपाई पोटगीच्या रूपाने करायला बघतं, पण पोटगी म्हणजे मालकी नव्हे.

मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये कन्नैयन नायडू विरुद्ध कमसला अम्माल या खटल्यात वेगळी वाट धरली. नवरा आखाती देशात नोकरीला, बायको इथे घर आणि मुलं सांभाळणारी. तिने घर सांभाळलं म्हणूनच तो कमवू शकला, त्यामुळे घेतलेल्या मालमत्तेत तिचाही निम्मा वाटा आहे, असं त्या न्यायालयाने म्हटलं. आपल्या कोर्टांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून मांडता येतो. चांगले वकील तो मांडतातही.

आता घराकडे येऊ, कारण खरी ओढाताण तिथेच होते.

करारनाम्यावर दोघांची नावं असतील तर दोघं सहमालक. पण किती किती टक्के? कागदावर हिस्से लिहिलेले नसतील तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४५ वं कलम बघायचं. ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा वाटा, आणि कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर समसमान. म्हणजे नुसतं "माझंही नाव आहे" एवढ्यावर निम्मं पक्कं होत नाही. सुरुवातीची रक्कम कोणाच्या खात्यातून गेली, हप्ते कोणी भरले, हे उतारे काढून ठेवावे लागतात. बँका जुने उतारे देतात, पण वेळ लावतात आणि काही जुन्या नोंदींसाठी पैसेही घेतात. भांडण तापण्याआधी मागितले तर सोपं जातं.

एकाचंच नाव आणि पैसे दोघांचे, हे ताईचं प्रकरण. तिचा हक्क संपला असं मुळीच नाही, फक्त तो तिला सिद्ध करावा लागणार. बेनामी व्यवहाराच्या (पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं) कायद्याने असा दावा अडतो, अशी भीती तिला एका ओळखीच्याने घातली होती. १९८८ च्या त्या कायद्यात २०१६ साली सुधारणा झाली. आपल्या ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावावर घेतलेली मालमत्ता त्यात बेनामी धरलेली नाही. त्यामुळे ताईला कुटुंब न्यायालयात तिच्या वाट्याची मागणी करता येत होती. पती-पत्नीमधले मालमत्तेचे वाद ऐकण्याचा अधिकार कुटुंब न्यायालयाला १९८४ च्या कायद्यानेच दिलेला आहे, त्यासाठी वेगळ्या दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. आणखी एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. लग्नाच्या वादातून उभे राहणारे मालमत्तेचे, पोटगीचे, घटस्फोटाचे दावे लावताना स्त्रियांना महाराष्ट्रात न्यायालय शुल्क माफ आहे, १९९४ पासून. वकिलाची फी मात्र द्यावी लागते, तिची गल्लत करू नका.

घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर मालकीचा प्रश्नच येत नाही, राहण्याचा येतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर सासू-सासऱ्यांचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सतीश चंदर आहुजा खटल्यात सांगितलं आणि स्वतःचाच २००६ चा उलटा निकाल बाजूला सारला. डोक्यावरचं छप्पर वाचवायला हा हक्क मोलाचा आहे. घर विकल्यावर पैशांत वाटा मात्र तो मिळवून देत नाही.

दागिन्यांचं गणित वेगळं आहे आणि बायकांच्या बाजूने स्पष्ट आहे. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर बाईला माहेरून, सासरहून, मित्रमंडळींकडून, नवऱ्याकडूनसुद्धा जे मिळालं ते स्त्रीधन, आणि ते एकटीचं. "सासूबाईंनी जपून ठेवलंय" याचा कायद्यातला अर्थ एवढाच, की सासूबाईंकडे विश्वासाने ठेवायला दिलंय. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. मागूनही परत दिलं नाही तर तो फौजदारी विश्वासघात होतो, पूर्वीचं कलम ४०६, आता भारतीय न्याय संहितेतलं ३१६. एप्रिल २०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात, ८९ पवन सोनं (एक पवन म्हणजे आठ ग्रॅम) नवऱ्याने आणि सासूने आपली देणी फेडायला वापरलं, तेव्हा त्याच न्यायालयाने नवऱ्याला २५ लाख रुपये द्यायला लावले. अडचणीच्या काळात नवरा स्त्रीधन वापरू शकतो, पण ते परत करणं त्याच्यावर बंधनकारक राहतं.

पुराव्याची बाजू मात्र नेहमी लंगडी पडते, कारण सराफाच्या पावत्या वडिलांच्या नावावर असतात किंवा नसतातच. इथे आपले जुने रिवाज कामी येतात. लग्न ठरवताना दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी केलेल्या याद्या, आहेराची वही, मुंडावळ्यांपासून तोड्यांपर्यंत सगळं दिसणारे फोटो. ताईच्या आईने आहेराची वही कपाटात जपून ठेवली होती. मावशीच्या हातची तिरकी अक्षरं, "पाटल्या ४ तोळे, आजीकडून", पुढे तारीख. लग्नातल्या भेटींची यादी करून ठेवावी असं १९८५ चे हुंडाविरोधी नियमही सांगतात. त्यांनी कायदा वाचून काही केलं नव्हतं, तरी काम झालं.

आता कर्ज. यावर मला जरा सावकाश बोलायचं आहे, कारण लोक मालमत्तेवर वर्षानुवर्षं भांडतात आणि कर्ज विसरतात.

दोघांनी मिळून गृहकर्ज घेतलं म्हणजे दोघं निम्म्या निम्म्या कर्जाला जबाबदार, असं बहुतेकांना वाटतं. बँकेच्या करारात तसं नसतं. दोघंही संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे, प्रत्येक जण पूर्ण कर्जाला जबाबदार असतो. समजा ३२ लाख बाकी आहेत. नवऱ्याने हप्ते थांबवले तर बँक बायकोकडे १६ लाख मागणार नाही, ३२ मागेल. आणि घटस्फोटाच्या अटींत "यापुढचे सर्व हप्ते पती भरतील" असं लिहिलं, न्यायाधीशांची सही झाली, तरी बँक त्या दाव्यात पक्षकार नव्हती. तिला ती अट लागू होत नाही. हप्ता चुकला की दोघांचाही क्रेडिट स्कोअर घसरतो. त्यानंतर बाईने स्वतःसाठी छोटं घर घ्यायला अर्ज केला तर नकार येतो आणि कारण असतं जुन्या घराचं कर्ज, ज्या घरात ती राहत नाही आणि जे तिच्या मालकीचंही नाही.

यावर खरे उपाय तीनच. घर विकून कर्ज फेडायचं आणि उरलेलं वाटून घ्यायचं. किंवा ज्याच्याकडे घर राहणार त्याने कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यायचं. बँक त्याचा एकट्याचा पगार तपासून पात्रता ठरवते, जमत नसेल तर नवा सहकर्जदार मागते किंवा तो दुसऱ्या बँकेकडे कर्ज वळवतो. किंवा तडजोडीत मिळणाऱ्या रकमेतूनच कर्जाचा मोठा भाग आधी फेडायचा. यांपैकी काय ठरलं ते अटींत लिहायचं आणि अंतिम हुकूमनाम्याआधी करून घ्यायचं. "नंतर बँकेत जाऊन नाव काढू" हे वाक्य मी फार ऐकलंय. नंतर कोणी जात नाही.

गावाकडे आणि छोट्या शहरांत याहून अवघड प्रकार म्हणजे पतसंस्थेचं कर्ज आणि त्याची जामीनकी. नवऱ्याच्या दुकानासाठी बायको जामीनदार, मेहुणा दुसरा जामीनदार. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करार कायद्याचं कलम १२८ तसं सांगतं. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली संस्थेला वसुली दाखला मिळाला की जामीनदाराच्या पगारावरही टाच येऊ शकते. घटस्फोट झाला म्हणून जामीनकी सुटत नाही. संस्थेला लेखी अर्ज करून बदली जामीनदार द्यावा लागतो आणि संस्थेने मान्य केल्याचं पत्र हातात घ्यावं लागतं. हे पत्र नसेल तर काहीच झालेलं नाही असं समजा.

नवऱ्याने एकट्याच्या सहीने काढलेलं वैयक्तिक कर्ज, त्याच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी, धंद्यातली उधारी, हे बायकोच्या डोक्यावर येत नाही. वसुलीवाले फोन करून "तुम्ही पत्नी आहात ना" म्हणून दरडावतात, तेव्हा "माझी सही दाखवा" एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं. उलटही तसंच, तिने काढलेलं कर्ज त्याचं नाही. दागिने गहाण ठेवून सोनेतारण कर्ज काढलं असेल तर मात्र लवकर बघा, कारण ते सोडवलं नाही तर सोनं लिलावात जातं आणि स्त्रीधनाचा हक्क फक्त पैशांच्या मागणीपुरता उरतो. माहेरहून हातउसने घेतलेले पैसेही आठवा. सासऱ्यांनी जावयाला धंद्यासाठी पाच लाख दिले आणि लिखापढी नाही, तर वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांचीच असते. तेवढ्या काळात त्याने लेखी कबुली दिली किंवा काही परतफेड केली तर मुदत नव्याने सुरू होते. त्यासाठी जुने संदेश आणि खात्यातल्या नोंदी उपयोगी पडतात.

हे सगळं कोर्टासमोर कसं येतं? नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात, जो मुळात नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेला होता, पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं सक्तीचं केलं. पगार, खाती, ठेवी, जमीन, सोनं, गाड्या, कर्जं, सगळं त्यात लिहावं लागतं. खोटं लिहिलं तर शपथेवर खोटं बोलल्याची कारवाई होऊ शकते. हा निकाल आल्यापासून "माझ्या नावावर काहीच नाही" म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली आहे. कायम पोटगीला मात्र ठरलेलं सूत्र नाही. एक तृतीयांश, एक पंचमांश असे आकडे कट्ट्यावर फिरतात, त्यांना कायद्याचा आधार नाही. दोघांची ऐपत, लग्न किती वर्षं टिकलं, मुलं, जबाबदाऱ्या, राहणीमान, आणि हो, अंगावरची कर्जंही, हे सगळं बघून कोर्ट आकडा ठरवतं. नवराही पोटगी मागू शकतो, हिंदू विवाह कायद्यात ती सोय आहे. एकरकमी मिळालेली पोटगी आयकरात उत्पन्न धरत नाहीत आणि महिन्याची धरतात, असा मुंबई उच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे. रक्कम कशी घ्यायची हे ठरवताना तो लक्षात ठेवावा.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात सगळा जीव संमतीच्या अटींत असतो, ज्यांना कोर्टात सगळे कन्सेंट टर्म्सच म्हणतात. कोर्टात दोनदा अर्ज करावा लागतो. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहसा सहा महिने जातात, २०१७ पासून कोर्ट योग्य प्रकरणात ते माफही करू शकतं. हे सहा महिने कागद पुरे करायला वापरावेत. अटींत घराचा गाळा क्रमांक, क्षेत्रफळ, कर्ज खात्याचा क्रमांक, बाकी रक्कम, तारखा, सगळं लिहा. "फ्लॅटबाबत पती योग्य ती व्यवस्था करतील" अशा अटीला काडीचा अर्थ नाही.

वेळेचा आणखी एक मुद्दा आहे, तो थेट पैशांचा. पती-पत्नीने एकमेकांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार. हुकूमनामा झाला की दोघं पती-पत्नी राहत नाहीत, मग तीच मालकी बदलायला बाजारभावावर पूर्ण शुल्क लागतं. ८० लाखांच्या फ्लॅटमधल्या निम्म्या हिश्शावर ती रक्कम लाखांत जाते. पण मोबदला घेऊन दिलेलं बक्षीस हे कायद्याने बक्षीस नसतं, आणि घर गहाण असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही लागतं. म्हणून याची शब्दरचना वकिलाकडूनच करून घ्या, ऑनलाइन मिळालेला नमुना भरू नका.

नुसतं वेगळं राहिल्याने कायद्यात फार काही बदलत नाही. हुकूमनामा होईपर्यंत दोघं एकमेकांचे वारस असतात. झाल्यावर वारसा संपतो, पण भविष्यनिर्वाह निधी, विमा, बँक खाती इथल्या नामनिर्देशनात जुनंच नाव बसलेलं असतं. ते आपोआप पुसलं जात नाही.

मुस्लिम स्त्रियांसाठी १९८६ चा वेगळा कायदा आहे. मेहेर आणि लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर तिला मिळालेल्या सगळ्या वस्तू त्याने तिच्याच मानल्या आहेत.

आणि पत्रादेवी ओलांडून गोव्यात शिरलं की चित्र पूर्ण बदलतं. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो. लग्नाआधी नोंदणीकृत करार करून वेगळं काही ठरवलं नसेल, तर गोमंतकीय जोडप्याची मालमत्ता समाईक होते, आणि घटस्फोटात प्रत्येकाला निम्मी मिळते. घर एकाच्या नावावर असलं तरी विकताना दुसऱ्याची सही लागते. १९६१ च्या आयकर कायद्यातही हे उतरलं होतं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न तिथल्या पती-पत्नीत अर्धं अर्धं धरायचं, असं कलम ५-अ सांगत असे. मात्र समाईक म्हटलं की देणीही आली, दोघांच्या संमतीने काढलेलं कर्ज समाईक मालमत्तेतून फिटतं. ताईला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सावंतवाडीत सासर आणि अर्ध्या तासावर हा कायदा."

तिचं पुढे असं झालं. नऊ वर्षांचे उतारे निघाले, तिने भरलेले हप्ते एका तक्त्यात मांडले, आणि भाऊजींच्या वकिलांनी तो तक्ता पाहिल्यावर कोर्टात वेगळा दावा लावायची वेळ आली नाही. घर भाऊजींकडे ठेवायचं आणि ताईला तिच्या वाट्याची रक्कम द्यायची असं ठरलं. रकमेचा अर्धा भाग पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेला दुसऱ्या अर्जाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. मधल्या काळात त्यांनी कर्ज दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर नेलं. ते वळतं झाल्याचं आणि जुनं खातं बंद झाल्याचं पत्र आल्याशिवाय ताई दुसऱ्या अर्जावर सही करायला तयार नव्हती, आणि त्यामुळे तारीख दोनदा पुढे गेली. पत्र आलं त्या दिवशी तिने ते निळ्या फाइलमध्ये, मावशीच्या आहेराच्या वहीवर ठेवलं आणि मला फोन करून विचारलं, क्रेडिट रिपोर्ट कुठून काढायचा.